आतोबांचा वाटा

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. पनवेलला माझे कॉमर्सचे क्लासेस आहेत आणि ते बरे चालतात. अर्थशास्त्रातले नि पैशाच्या व्यवहारातले अवघड शब्द मासळीची, सुपारीची, मिठाची उदाहरणं देऊन सोपे करणारे सर, अशी माझी थोडीफार ख्याती आहे. मोबाइलवर माझे व्हिडिओ पाहून कुठल्या कुठल्या गावची मुलं लिहितात, ‘सर, तरलता काय ते तुमच्यामुळे कळलं.’ मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकतो. त्या उदाहरणांतलं एकही माझं नाही. सगळी आमच्या आतोबांची आहेत, आणि ती माझ्याकडे कशी आली हे तर त्यांनाही ठाऊक नाही, असं मी परवापरवापर्यंत धरून चाललो होतो.

आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. काशीदच्या अलीकडच्या एका गावात, तिथल्या ज्युनिअर कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे. जगात जे जे आहे ते अर्थशास्त्र आहे, आणि जे नाही ते अजून कुणी नीट तपासलेलं नाही, असं मनापासून मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बाकीचे प्राध्यापक तास संपला की खडू टेबलावर ठेवून घरी जायचे. आतोबांचा तास संपायचाच नाही. तो जेवताना चालायचा, एसटीत चालायचा, कुणाच्या मयताला गेले तर परतीच्या वाटेवर चालायचा. घरात नवा पाहुणा आला की आत्या चहाचं आधण ठेवायची आणि आतोबा समोर बसून विचारायचे, “बरं मला सांगा, किंमत आणि मूल्य यात फरक काय?” पाहुणा गोंधळायचा. तो उत्तर देईपर्यंत चहा यायचा नाही असा नियम नव्हता, पण आतोबा स्वतःच इतकं बोलायचे की चहा निवूनच जायचा. एका पाहुण्याने वैतागून सांगितलं होतं, “सर, किंमत म्हणजे बाहेरच्या टपरीवर देतो ती, नि मूल्य म्हणजे आत्ता गरम चहा मिळाला तर.” आतोबा उठून त्याच्या पाया पडायचेच बाकी होते.

त्यांचा लाडका शब्द ‘घसारा’. वस्तू वापरून झिजते आणि तिची किंमत उतरते, त्याला हिशेबात घसारा म्हणतात. आतोबांच्या लेखी चपलेला घसारा, एसटीच्या गाडीला घसारा, पुढाऱ्याच्या आश्वासनाला घसारा. एकदा कुळथाच्या पिठीत खडा लागून त्यांचा पुढचा दात पडला, तर तो तळहातावर घेऊन उजेडात न्याहाळत म्हणाले, “हा दरवर्षी थोडाथोडा झिजायला हवा होता. एकदम गेला. पद्धतशीर नाही.” पोरांनी त्यांचं नावच ‘घसारा सर’ पाडलेलं. आतोबांना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. व्याख्या न विसरता आयुष्यभर लक्षात राहील, असं ते म्हणायचे. आणि खरंच, त्या गावात आज रिक्षा चालवणारा, हॉटेल चालवणारा कुणीही थांबवा, ‘घसारा म्हणजे काय’ हे तो झोपेतसुद्धा सांगेल.

आत्या या सगळ्यात मुरलेली होती. ती फारशी शिकलेली नव्हती, पण नवऱ्याचीच हत्यारं घेऊन त्याच्यावर चालून जायची. दिवाळीत साडी घ्यायची म्हटलं की आतोबा विचारणार, “हा खर्च भांडवली की महसुली?” एकदा केलेला नि वर्षानुवर्षं उपयोगी पडणारा खर्च तो भांडवली, आणि रोजचा, संपून जाणारा तो महसुली. आत्या पदर खोचून म्हणायची, “साडी धा वर्सं टिकतं. पुढं तिची गोधडी व्हतं. ही भांडवली. तुमचा तो रोजचा तंबाखू, तो महसुली. आता सांगा, कुटं काटकसर करायची?” आतोबा पाकीट काढून द्यायचे. एकदा तर तिने कमाल केली. संधी खर्च, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी दुसरी हातची जाते तिची किंमत, हे ते मला समजावत होते. आत्या मासे साफ करता करता म्हणाली, “मना इचार. ह्यांचं स्थळ आलं तवाच करंजा बंदरातल्या एका बोटवाल्याचं पन आलं व्हतं. दोन बोटी, माडीचं घर. तो माझा संधी खर्च.” दुसरा कुणी नवरा असता तर गप्प झाला असता. आतोबांनी दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात हे उदाहरण आत्याच्या नावानिशी दिलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. ते आज माझ्या व्हिडिओत आहे. फक्त त्यात ‘माझ्या ओळखीच्या एक बाई’ असतात.

मी त्यांच्याकडे राहायला गेलो तो अकरावीला. आम्ही उरणकडचे, मिठागरातले. माझ्या लहानपणीच मिठाचा धंदा बसला आणि वडिलांनी ट्रक घेतला. आतोबा सासुरवाडीला आले की वडील जरा दबकून असायचे. न जाणो, हा माणूस काय विचारेल. एकदा ओटीवर बसून आतोबांनी ताठर मागणी समजावली, म्हणजे भाव कितीही हलला तरी जी हलत नाही ती. “दादा, मीठ उद्या फुकट झालं म्हणून कुणी आमटीत मूठभर टाकेल का? आणि महाग झालं म्हणून अळणी जेवेल का?” वडिलांनी विडी विझवली. म्हणाले, “मास्तर, ह्यो माझ्या बापाला सांगाला पायजे व्हता. त्यानी अख्खी जिनगी मिठाचा भाव वाढायची वाट बघितली.” त्याच दिवशी वडिलांनी ठरवलं, पोराला बहिणीकडे ठेवायचं.

आतोबा शिकवायचे तो व्यापाराचा इतिहासही पुस्तकातून सुरू होत नसे. ते आम्हाला चौलच्या जुन्या बंदरात न्यायचे. तिथे आता खाडी गाळाने भरलेली, माडाच्या वाड्या, पडक्या भिंती आणि भिंतीवर वाळत घातलेली चादर. आतोबा त्या चादरीसमोर उभे राहून हात पसरायचे. “इथे गलबतं लागायची. इथे घोडे उतरायचे, रेशीम चढायचं. वारा एका ऋतूत आणायचा, दुसऱ्या ऋतूत न्यायचा. म्हणजे इथला व्यापारी हा मुळात वाऱ्याचा कर्जदार.” चादर वाळत घालणारी बाई दारातून बघत असायची, हा माणूस आपल्या चादरीला काय सांगतोय म्हणून. मग आतोबा खाली वाळूत काठीने शब्द लिहायचे. दलाल, तो अरबांकडून आला. लिलाव आणि पगार, हे पोर्तुगीजांच्या बोटीतून उतरले. “मुलांनो, बोटी गेल्या, वखारी गेल्या, माल विकला गेला, खाल्ला गेला. राहिले ते हे शब्द. शब्द हा असा माल आहे की नेणाऱ्याने नेला तरी ठेवणाऱ्याकडचा कमी होत नाही.” हे वाक्य मी फार वर्षं उशाशी घेऊन झोपलो आहे. त्यांची उदाहरणं आपल्या नावावर खपवताना मनाला कुठे टोचलं, की हेच वाक्य आठवायचं. बघ, तेच म्हणाले होते. त्यांचं काय कमी झालं?

व्यवहारात मात्र आतोबा म्हणजे आनंद होता. त्यांना घासाघीस यायची नाही. भाजीवाली सांगेल तो भाव देऊन यायचे आणि वर आत्याला सांगायचे की बाजाराने ठरवलेल्या किमतीत ढवळाढवळ करणं बरं नाही. महागाई मोजायची त्यांची एक स्वतःची पद्धत होती. दरवर्षी कॉलेज उघडलं की पहिल्याच दिवशी ते वर्गाला घेऊन नाक्यावरच्या गाडीवर जायचे, एक वडापाव घ्यायचे, फूटपट्टीने वडा मोजायचे आणि भाव नि व्यास दोन्ही फळ्यावर मांडायचे. “भाव तोच ठेवून वडा लहान केला, तर ती लपलेली महागाई. ती पकडायची तर पट्टी लागते.” झालं असं, की गाडीवाल्याला याची कुणकुण लागली. गावचे सर आपला वडा मोजायला येतात म्हटल्यावर तो त्या दिवशी खास त्यांच्यासाठी नारळाएवढा वडा तळून ठेवायला लागला. दोन वर्षं आतोबांच्या फळ्यावर देशातली महागाई घटत होती. तिसऱ्या वर्षी त्यांना शेजारच्या गिऱ्हाइकाच्या हातातला वडा दिसला. आतोबांचा चेहरा उतरला. “अरे, तू काय केलंस? तू आकडेवारी बिघडवलीस!” गाडीवाला कढईतला झारा तसाच धरून म्हणाला, “सर, तुमी मास्तर मानूस. तुमाला ल्हान वडा कसा देऊ?” आतोबांनी तो मोठा वडा अर्धा मोडला आणि त्यालाच खायला घातला.

मुंबईला जायचं म्हटलं की मांडव्याहून लाँच. एकदा तिकिटं काढून झाली, रांग हलायला लागली, आणि आत्याच्या लक्षात आलं की गॅस बंद केल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, जाऊ दे, आता परत फिरलो तर तिकिटाचे पैसे बुडतील. झालं, आतोबा रांगेतून बाहेर आले आणि भर जेट्टीवर उंच आवाजात सुरू झाले, “पुढचा निर्णय घेताना बुडीत खर्च मोजायचाच नसतो! बुडालं ते बुडालं!” लाँचमध्ये चढणारे लोक थबकले. एक म्हातारी तर पाऊल मागे घेऊन म्हणाली, “ओ दादा, बोटीत बसताना बुडायचं नाव काढता? थू थू करा आदी!” आतोबा तिला तरीही समजावू लागले. तोवर आत्या त्यांना बखोटीला धरून रिक्षात घेऊन गेली. घरी गॅस बंदच होता. आतोबा म्हणाले, “निर्णय बरोबर होता, निकाल वेगळा लागला. या दोन निराळ्या गोष्टी आहेत.” आत्याने आठवडाभर त्यांच्याशी फक्त खुणांनी व्यवहार केला.

आता शनिवारचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच बसलो आहे.

दर शनिवारी उजाडताना आतोबा वर्गाला बंदरावर न्यायचे. मागणी, पुरवठा, नाशवंत माल, रोकड, उधारी, सगळं तिथे उघड्यावर चालू असतं, मग भिंतीच्या आत कशाला शिकायचं, हे त्यांचं म्हणणं. बोटी लागायच्या, टोपल्या उतरायच्या, आणि लिलाव पुकारणारी एक दणकट कोळीण मधोमध उभी राहायची. तिला सगळं बंदर मावशी म्हणायचं. आतोबा तिच्या अगदी पुढ्यात वर्ग उभा करायचे. ती करवादायची, “मास्तर, दर शनवारी येता, बघता नि हात हलवत जाता. आज येक टोपली तरी उचला!” आतोबा म्हणायचे, “मावशी, मी गिऱ्हाईक नाही, मी निरीक्षक आहे.” “मंग निरीक्षकानी जरा बाजूला व्हावा, गिऱ्हाइकाला मासा दिसत न्हाय!” आणि तिथेच, ओल्या फरशीवर उभं राहून, आतोबांनी तरलतेची ती व्याख्या केली जी आज माझ्या नावावर फिरते. वस्तूचा पैसा किती चटकन होतो, ती तरलता. “मासळीचा पैसा दुपारच्या आत होतो. सुपारीचा दिवाळीपर्यंत. आणि वाडीचा, भाऊ सही करतील तेव्हा.” सगळं बंदर हसलं. ज्यांच्या वाड्या भावांच्या सह्यांसाठी अडल्या होत्या ते जरा जास्तच हसले.

हा प्रसंग मी वर्गात मावशीच्या आवाजासकट करून दाखवतो. मुलांना वाटतं, सर तिथे उभे होते. मी तिथे नव्हतो. मी घरी गोधडी ओढून पडलो होतो.

पहिल्या शनिवारी गेलो होतो. आतोबा मासळीच्या पालथ्या खोक्यावर चढले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि ओरडून ओरडून समतोल किंमत समजावू लागले. बोटीवरचे खलाशी हसत होते, बायका पदरात तोंड लपवत होत्या. माझ्या मागून एक पोरगा म्हणाला, “घसाऱ्याचा भाचा!” नि सगळा वर्ग तेच म्हणू लागला. मी मिठागरातून आलेला, बोलीने आधीच चिडवला जाणारा मुलगा. मला त्या खोक्यावरच्या माणसाची लाज वाटली. ज्याच्या घरी जेवतो, ज्याच्या पंख्याखाली झोपतो, त्याची. पुढच्या शनिवारी माझ्या पोटात दुखू लागलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मग ते दर शनिवारचंच झालं, बाकी आठवडाभर मी ठणठणीत. आत्या ओव्याचं पाणी करून द्यायची. एकदा तिने पेला हातात देताना माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या दिवसापासून ओवा जरा जास्तच कडू लागत गेला.

आतोबांना मात्र शंका शिवली नाही. आणि इथे त्या बंदरावरची एक रीत सांगायला हवी. बोट आली, मासळी विकली, की आधी डिझेल नि बर्फाचा खर्च वजा करायचा. उरेल त्याचे वाटे पाडायचे. बोटीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, बोट चालवणाऱ्या तांडेलाचा, खलाशांचा. भाग, भागधारक, लाभांश, हे सगळं आतोबा त्या वाट्यांवरच शिकवायचे. पण एक वाटा आणखी असे. जो खलाशी आजारी म्हणून बोटीवर आला नाही, त्याचाही वाटा काढायचा. तो काढल्याशिवाय बोटीवर पाणी मारायचं नाही, म्हणजे ती धुवायला घ्यायची नाही. तर आतोबा बंदरावर हजेरी घ्यायचे, आणि माझ्या नावाला ‘आजारी’ म्हणायचे. एका तांडेलाने ते ऐकलं.

“आजारी हाय? मंग त्याचा वाटा घेऊन जा.”

आतोबा म्हणाले, “अरे, तो तुझा खलाशी नाही.”

“तुमचा तर हाय ना? बोट कुनाची का आसंना. आजाऱ्याचा वाटा र्‍हायला तर मी पानी कसा मारू?” असं म्हणून त्याने करंडीतले चार बांगडे सुतळीत ओवून त्यांच्या हातात दिले.

ते बांगडे घेऊन आतोबा घरी आले, आत्याच्या हवाली केले, पाय धुतले आणि माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी येऊन बसले. “हा झाला मासळीतला वाटा,” ते म्हणाले. “आता आजच्या धड्यातला घे.” आणि त्यांनी ती सगळी सकाळ पहिल्यापासून मला सांगितली. मावशीचा आवाज काढून, टोपल्यांची ओढाताण दाखवून, भाव कुठे चढला नि कुठे पडला ते बोटांवर नाचवून. दर शनिवारी. माझं पोट दुखतं म्हणून हळू बोलायचे, डोळे मिटले तर थांबायचे, अवघड शब्द दोनदा सांगायचे. बाकीच्या मुलांना तो धडा बंदराच्या गलक्यात निम्माशिम्मा ऐकू यायचा. मला तो उशाशी मिळायचा, शांतपणे, माझ्या एकट्यासाठी. बारावीला अर्थशास्त्रात कॉलेजात मी पहिला आलो. ‘घसाऱ्याचा भाचा’ म्हणणाऱ्यांनीच मला खांद्यावर घेतलं. आतोबांनी पेढे वाटताना प्रत्येकाला सांगितलं, “अशा नाजूक तब्येतीत त्याने हे केलं!”

त्यानंतर मी पनवेलला आलो, नोकरी केली, क्लास काढला. आतोबा निवृत्त झाले, पण शनिवारी बंदरावर जायचे थांबले नाहीत. मुलं नसायची, ते एकटेच. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आलेल्या चक्रीवादळात त्यांची सुपारीची वाडी आडवी झाली. मी गेलो तेव्हा आतोबा पडलेल्या पोफळींमध्ये लुंगी खोचून उभे होते. मी आपला शहाणपणा करत म्हणालो, “आतोबा, हे घसाऱ्यात धरायचं की नुकसानीत?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हिशेबातला शब्द पुढे केला नाही. वाकून एका पडलेल्या झाडाच्या शेंड्याची सुपारी तोडली, ती हिरवीच होती, आणि खिशात टाकली. पुढल्या पावसात त्यांनी रोपं लावली. पोफळ धरायला वर्षं जातात, मी मनात त्यांचं वय मोजलं. आत्या म्हणाली, “मी पन तेच इचारलं. तर म्हनतात, ही गुंतवनूक न्हाय, हा वाटा हाय. ज्याचा आसंल तो खाईल.”

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, शब्द नाही सावरले. शोधावे लागतात. ‘पंखा’ हवा असला की ते छताकडे बघतात, ओठ हलवतात, आणि मध्येच भलतं काहीतरी बाहेर येतं. मागे एकदा ‘पाणी’ म्हणायचं होतं, ते ‘पगार’ म्हणाले. आत्याने पाणी दिलं आणि म्हणाली, “घ्या तुमचा पगार.” दोघंही हसली. मी मात्र बाहेर पडवीत जाऊन उभा राहिलो. नेणाऱ्याने नेला तरी ठेवणाऱ्याकडचा माल कमी होत नाही, असं ते म्हणाले होते. आता माझ्याकडे त्यांचे सगळे शब्द होते, घड्या घालून कपाटात लावलेले, आणि त्यांच्याकडचं दुकान रिकामं होत चाललं होतं.

परवा गेलो होतो. आत्याने कौतुकाने माझा नवा व्हिडिओ लावला. मला नको होतं, पण तिने फोन त्यांच्यासमोर उशीला टेकवून ठेवलाही. पडद्यावर मी इस्त्रीच्या शर्टात, मासळीचे वाटे पाडत होतो. “आधी डिझेल, बर्फ. मग बोटीचा वाटा, मग जाळ्यांचा, तांडेलाचा, खलाशांचा. झाला हिशेब पूर्ण. यालाच मुलांनो, लाभांश म्हणतात.” आतोबा एकटक बघत होते. हे वाटे, हे हातवारे, तो मावशीचा आवाज, सगळं कुणाचं आहे हे ओळखायला त्यांना शब्द लागणार नव्हते. त्यांनी चांगला हात उचलून फोन पालथा घातला.

“राहिला,” ते म्हणाले.

“काय राहिला हो?” आत्याने विचारलं.

ते शब्द शोधू लागले. कपाळावर घाम आला. मला तो शब्द ठाऊक होता. मी तो तिथल्या तिथे देऊ शकलो असतो. दिला नाही. इतकी वर्षं मी तो वाटा त्या उदाहरणातून का गाळत आलो, हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते त्या खोलीत मोठ्याने म्हणायची माझी तयारी नव्हती.

“आजाऱ्याचा,” आतोबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, “तुझं... पोट... आता कसं आहे?”

त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू आता हलत नाही. त्यामुळे ते हसत होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. आत्या उठून आत गेली. “ओव्याचं पानी करू काय रं?” तिने स्वयंपाकघरातून विचारलं, आणि तिच्या आवाजावरूनही मला काही कळलं नाही. “बरं आहे,” एवढंच मी म्हणालो. मग बांगडे झाले होते, ते जेवलो, आणि शेवटच्या एसटीला निघून आलो.

ती उदाहरणं कुणाची, ते आज इथे लिहून झालं. सोमवारी वर्गातही सांगेन, व्हिडिओ नव्याने करेन, त्यात आजाऱ्याचा वाटा घालेन. ते सगळं जमण्यासारखं आहे. आतोबांना आता वाचता येत नाही, त्यामुळे हे त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं लागेल, आणि ते दुसऱ्या कुणी वाचून भागायचं नाही.

माझं पोट कधीच दुखत नव्हतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तेवढं देणं बाकी आहे.